स्त्री श्रोते बत्तीस

मुंबई, सोमवार ता. ४ नोव्हेंबर १९४६

ती. मावशीस,

वासंतीचा नमस्कार. भात झोडून घरात आलं असेल. काकांची कंबर कशी आहे? बाबांची लोणावळ्याच्या स्टेशनातली पाळी पुन्हा रात्रीची झाली, असं आईने कळवलं आहे.

बी. ए. होऊन पोरगी रेडिओत कशाला गेली, तिथे गाणारणी असतात, असं तू आईजवळ म्हणालीस म्हणे. मी गात नाही गं. दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला खेड्यातल्या बायकांसाठी पंधरा मिनिटं असतात, ती माझ्याकडे आहेत. त्यात लोणावळ्याच्या बाजारातले भाव असतात, कुठल्या गावात देवी टोचणारे येणार ते असतं, एखादं गाणं असतं. पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या जात्यावरच्या दोन ओव्या दिल्या. ओळखल्यास ना?

सरकारने मावळात दहा गावांना रेडिओच्या पेट्या दिल्या. दर महिन्याला प्रत्येक गावातून एक तक्ता येतो, किती जण ऐकतात त्याचा. बाकीच्या गावांत स्त्रियांच्या रकान्यात चार, सहा, कुठे नुसती रेघ. आणि आपल्या बोरखळीचे पुरुष एकवीस, स्त्रिया बत्तीस! आमचे वरिष्ठ अनंतराव यांनी तो तक्ता सगळ्यांसमोर वाचून दाखवला. माझ्या मावशीचं गाव आहे, हे मी सांगितलं नाही, पण माझा चेहरा सांगत असेल.

आता मुद्द्याचं. आपल्या सोपानच्या झुंबरवहिनीला दिवस गेलेत, माघात होईल, असं आईकडून कळलं. तिची आधीची दोन्ही बाळं आठव्या दिवशी आखडून गेली. मी इथे एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ती करणी नाही आणि सटवाईचा कोपही नाही. नाळ ज्या विळ्याने कापतात त्याची घाण आणि वर लावतात ती राख, यातून तो आजार होतो. विळा उकळला आणि नाळेला काही लावलं नाही, तर टळतो. येत्या तेरा तारखेच्या बुधवारी मी हेच देणार आहे. विठाबाई सुईण त्या दिवशी ऐकेल, एवढं तू बघ. बाकी काही नको.

तुझी,
वासंती

*

मौजे बोरखळी, ता. मावळ
ता. १६ नोव्हेंबर १९४६

चि. वासंतीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पावले, वाचून परमानंद झाला. तेरा तारखेचा तुझा कार्यक्रम ग्रामस्थ भगिनींनी अत्यंत तन्मयतेने ऐकला. तुझा सुमधुर आवाज ऐकून माझ्या नेत्रांत अश्रू उभे राहिले. आरोग्यविषयक माहिती फारच उद्बोधक होती. विठाबाई हिलाही ती रुचली. सौ. झुंबरबाई हिची प्रकृती ठीक आहे. यजमानांच्या कंबरेस उतार आहे. कळावे, लोभ असावा.

तुझी मावशी,
बयाबाई हौशीराम केदारी

(बयाबाईंच्या सांगण्यावरून लिहिणार, श्रीपाद खांबेटे, शाळामास्तर. तक्ता वेळेवर पाठवीत आहे.)

*

मुंबई, ता. २१ नोव्हेंबर १९४६

ती. मावशीस,

नमस्कार. तुझं पत्र आलं. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस. तू कधी ‘उद्बोधक’ म्हणशील का? तू म्हणशील, ‘बरं बोलली माजी बाय.’

एक सांगू? रेडिओवर मी बोलत नाही. मी लिहून देते आणि रजनीताई म्हणून आमच्याकडे आहेत, त्या वाचतात. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा पुष्कळ जाड आहे. तुला तो माझा वाटला ही तुझी माया. मी हसले आणि मग उगीच गहिवरले.

पण विठाबाई नेमकं काय म्हणाली ते कळव. ती तशी सहज पटवून घेणारी नाही. विळा उकळते म्हणाली का? राखेचं काय म्हणाली? तिचेच शब्द कळव.

तुझी,
वासंती

*

उर्से, दोन डिसेंबर

वन्संना झुंबरबाईचा नमस्कार.

माजं पत्र बघून तुमी दचकाल. मला लिवता येतं हे बोरखळीत ह्यांच्याबिगर कुनाला ठावं न्हाई. मी तळेगावात मामाकडं ऱ्हाऊन तिसरीपातूर शिकले. लगीन ठरताना बाबा म्हनाले, ते सांगू नगंस, सासरी म्हनतील पोरगी हिशोब काढंल. म्हनून गप ऱ्हायले. आता चार दिस माहेरी आलेय, हितनं भावाच्या हातनं टपालात टाकते. चुकलंमाकलं पोटात घाला.

वन्सं, तुमची पेटी आमच्यापैकी कुनीबी ऐकलेली न्हाई. एक बाईसुदिक न्हाई.

पेटी चावडीत हाय. तितं पाटील, मामंजी, समदी म्हातारी मानसं बसत्यात. चावडीच्या पायरीला बाईमानूस पाय लावत न्हाई. पुढनं जायचं तर पायतान हातात घेऊन, पदर वढून, खाली बघून जायचं. तितं बसून कोन ऐकनार? तुमी बोरखळीत लहानपनी सुटीला यायच्या तवा फराक घालून चावडीत पळत जायच्या. लेकींना चालतंय ते. तुमाला म्हनून ध्येनात आलं न्हाई.

आत्याबाईंनी तुमच्या आवाजाचं काय बी सांगितलं न्हवतं. त्या मास्तरला म्हनाल्या, "काय लिवायचं, मी तर ऐकलंच न्हाई." मास्तर म्हनला, "मावशी, तसं लिहून कसं चालेल, पोरीला वाईट वाटेल." आत्याबाई म्हनल्या, "मग लिव तुला काय लिवायचं ते." त्यांच्या ओव्या लागल्या त्या दिशी मामंजी घरी येऊन म्हनले, "तुजं दळन मुंबईला जाऊन आलं." आत्याबाई म्हनल्या, "पीठ कुटं हाय मग?" तेवढंच.

बत्तीस कुटनं आलं ते बी सांगते. गावात बत्तीस चुली हायत. मास्तर म्हनतो, बाप्या घरी जाऊन सांगतो म्हंजी घरातल्या बाईनं ऐकलंच की. मास्तर वाईट न्हाई. पन बाप्ये घरी येऊन सांगत न्हाईत, तोंडी लावायला वापरत्यात. मामंजींना आता लेकराला काय पाजायचं, काय न्हाई, समदं ठावं हाय. परवा शेजारची कस्तुराबाई नातवाला गुटी देत हुती, तर मामंजी वसरीवरनं वरडले, "दोन म्हयन्याच्या आत न्हाई द्यायची, मुंबईनं सांगितलंय!" कस्तुराबाई म्हनली, "मुंबईला किती नातू झाले?" समद्या बाया हसल्या. मामंजी रागवून रानात गेले.

तेरा तारखेचं इळ्याचं मामंजींनी ऐकलंय. पन घरी येऊन अवाक्षर काढलं न्हाई. सुनंच्या बाळतपनाचं सासऱ्यानं कसं बोलायचं? आन् विठाबाईला तर कुनीच सांगितलं न्हाई. मी सांगू म्हनता? ह्यांच्या येळचं बाळतपन बी तिनंच केलंय. मी तिला म्हनू का, तुजा इळा घान हाय?

मला आई न्हाई म्हनून दोन्ही येळा सासरीच झालं. दोन्ही येळा सात दिस दूध प्यालं, आठव्या दिशी तोंडच उघडंना. वन्सं, मला लय भ्या वाटतंय. तुमी शिकलेल्या हाय. काय तरी करा. मला पत्र उर्स्याच्या पत्त्यावर घाला, भाऊ आनून दील.

झुंबर

*

मुंबई, ता. ९ डिसेंबर १९४६

प्रिय झुंबरवहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग मास्तरांचा आला, दुसऱ्यांदा काकांचा. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग धरायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. चावडीची पायरी मला ठाऊक नव्हती असं नाही. मी ती पाहिलेली आहे, आईला तिथे चपला हातात घेताना पाहिलं आहे. पण तक्त्यात बत्तीस दिसले आणि मला ते खरं असावंसं वाटलं.

मी अनंतरावांना जाऊन सांगितलं की बोरखळीचा आकडा खरा नाही, स्त्रिया शून्य आहेत. त्यांनी तक्ता काढून पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही हे लेखी दिलंत तर मार्चअखेर ती पेटी दुसऱ्या गावाला जाईल. नियम तसा आहे." मी लेखी दिलं. त्याबद्दल बोरखळीत मला शिव्या बसतील, त्या बसू देत.

आता तुझं. पहिली गोष्ट, तू बाळंतपणाला लोणावळ्याला आईकडे ये, दवाखाना दहा मिनिटांवर आहे. काका पाठवणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी आई त्यांना निरोप धाडते आहे. दुसरी गोष्ट मी रात्रभर जागून ठरवली. विठाबाईपर्यंत माझा आवाज पोचत नाही. तुझ्यापर्यंतही पोचत नाही. पोचतो तो काकांपर्यंत. मग मी मायबहिणींशी का बोलत बसले आहे? जे बसले आहेत त्यांच्याशीच बोलते.

बुधवारी, अठरा तारखेला, ती पंधरा मिनिटं चावडीवरच्या आजोबांसाठी आहेत. रजनीताई म्हणाल्या, "अगं, बाळंतपणाचं पुरुषांना सांगायचं? लोक हसतील." मी म्हटलं, हसले तरी ऐकतील. त्या हो म्हणाल्या. मी साधं लिहिलं आहे. विळा पाण्यात बुडवून भात शिजायला लागतो तेवढा वेळ उकळायचा. नाळ बांधायचा दोराही त्यातच. नाळेवर राख नाही, शेण नाही, काही नाही. सुईणीचे हात साबणाने धुवायचे. आणि हे सगळं बघायचं काम घरातल्या वडील माणसाचं आहे, कारण नातू त्याचा आहे.

तू काही बोलू नकोस. नीट खा, दूध घे. सोपान सुटीवर येईल तेव्हा त्यालाही हे सांग.

तुझी नणंद,
वासंती

*

मौजे बोरखळी
ता. २१ डिसेंबर १९४६

कु. वासंती येवले यांस,

श्रीपाद खांबेटे याचा नमस्कार वि. वि.

आमच्या तक्त्यातील आकडा आपण शून्य केल्याचे वरून कळले. मला वाईट वाटले, ते खोटे ठरल्याचे नव्हे, पेटी जाणार याचे. या खोऱ्यात वर्तमानपत्र चार दिवसांनी येते. पेटी आली तेव्हा मला वाटले, जग आले. ती टिकावी म्हणून मी बत्तीस लिहिले. आपल्या मावशींच्या पत्रातही मी माझ्या पदरचे लिहिले. दोन्हीबद्दल क्षमा मागतो. पण पेटी जाईल तेव्हा आपणही थोडे वाईट वाटून घ्यावे, ही विनंती.

बुधवारी चावडीत घडले ते कळवतो. या वेळी माझ्या पदरचे एक अक्षर नाही.

साडेपाचला नेहमीप्रमाणे आठ-नऊ वृद्ध मंडळी होती. "चावडीवरच्या आजोबांनो" असे शब्द पेटीतून आले, तसा मंडळींतला गेणू दचकून म्हणाला, "आबा, उठा, मुंबईनं हाक मारली तुमास्नी." हशा झाला. विषय कळला तेव्हा कोंडाजी पाटील म्हणाले, "आता बाप्यांनी बाळतपनं करायची व्हय? बंद करा ती पेटी."

मी उठणार तोच आपले काका हौशीराम आबा म्हणाले, "चालू दे."

"आरं पन हौशा..."

"पाटील, दोन येळा कुदळ घेऊन वढ्याकडं मी गेलो. तुमी न्हाई गेला. गप ऐकू द्या."

पेटी चालू राहिली. कार्यक्रम संपला. आबांनी मला विचारले, "मास्तर, भात शिजायला किती येळ लागतो?"

मला सांगता येईना. आमच्याकडे स्वयंपाक सौ. करते. मी पाटलांकडे पाहिले, पाटलांनी गेणूकडे. वासंतीताई, आंबेमोहोर पिकवण्यात ज्यांचा जन्म गेला अशी नऊ माणसे तिथे बसली होती, आणि भात शिजायला किती वेळ लागतो हे एकालाही ठाऊक नव्हते. कुणी म्हणाले विडी संपेपर्यंत, कुणी म्हणाले गाय पिळून होईपर्यंत. वाद वाढला. शेवटी आबा म्हणाले, "घरी इचारावं लागंल," आणि काठी घेऊन निघाले. मागोमाग आणखी दोघे-तिघे उठले.

त्या रात्री गावात पुष्कळ घरांत हा प्रश्न विचारला गेला असावा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका कशाला तरी फार हसत होत्या, असे सौ. म्हणाली.

आपला नम्र,
श्रीपाद खांबेटे

*

बोरखळी, एकवीस फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

आज सोळावा दिस. आठवा गेला, बारावा गेला, तरी मी पत्र लिवलं न्हाई. दृष्ट लागंल वाटत हुतं. पोरगी हाय. आत्ता मांडीवर हाय, पेते हाय, म्हनून अक्षर वाकडं येतंय.

लोनावळ्याला मामंजींनी पाठवलं न्हाई. म्हनले, "केदारीचं लेकरू केदारीच्या घरात होनार." पन पाच तारखेला पहाटं माज्या पोटात कळ आली, तसं त्यांनी अंगनात दोन चुली मांडल्या. एकीवर पान्याचं पातेलं, दुसरीवर भाताचं. आत्याबाई म्हनल्या, "आवं, ह्या येळी भात कुनाला?" मामंजी म्हनले, "मला येळ कळत न्हाई. दोन्ही चुली संगंच पेटवल्यात. भात शिजला की इळा शिजला."

तेवढ्यात विठाबाई आली. मामंजी दारात आडवे. म्हनले, "इळा दे."

"कशाला?"

"उकळायचाय."

"चाळीस वर्सं ह्यो इळा चालतोय, तुज्या सोपानाला बी ह्याच्यानंच कापलाय. सरक, बाळतिनीच्या दारात बसतोस, लाज न्हाई वाटत?"

"मी आत बघत न्हाई, मी चुलीकडं बघतोय. इळा दे न्हाईतर आत जाऊ नगंस."

मी आत कळा देतेय आन् भायेर ही भांडनं. शेवटी आत्याबाईंनी विठाबाईच्या हातातला इळा घेतला न् पान्यात टाकला. मूठ वर, पातं खाली. दोरा बी टाकला. विठाबाई फनफनत आत आली. हात मात्र धुतले, साबन आत्याबाईंनी पुढं केला तवा. मामंजी भाताची शितं दाबून बघत बसले हुते. मला आतनं त्यांचं खोकनं ऐकू येत हुतं. राख लावायला विठाबाईनं मडकं मागितलं, तर आत्याबाई म्हनल्या, "मडकं मी काल वढ्याला फोडलं." खरंच फोडलं हुतं.

आठव्या दिशी मी सकाळपास्नं पोरीच्या तोंडाकडं बघत बसले. तिनं तोंड उघडलं न् अशी बोंबलली की मामंजी अंगनातनं हसले.

आता दुसरं. तेराव्या दिशी विठाबाई सुईनीच्या मानाचं लुगडं न्यायला आली. पोरीला मांडीवर घेतलं, नाळेची जागा बघितली. कोरडी. बोटानं चाचपून बघितली. मग हळूच म्हनली, "झुंबर, ती दोन माज्या हातनं गेली व्हय?"

मी रडाय लागले. ती बी रडली. मग चिडून म्हनली, "चावडीतल्या म्हाताऱ्यांना सांगितलं. हौशाला सांगितलं. मला कुनी सांगितलं न्हाई. मी काय बहिरी हाय? मी काय आले नसते? तिला लिव, म्हनावं हितं ये आन् माज्या तोंडावर बोल." मी म्हनले, मला कुटं लिवता येतंय. तर म्हनली, "मला ठावं हाय तुला येतंय. बाळतिनीच्या उशाला पेन्शील गावली मला." लुगडं न घेताच गेली. आता लपवून काय करू, पत्र घरच्याच पत्त्यावर घाला.

झुंबर

*

मुंबई, ता. २६ फेब्रुवारी १९४७

विठाबाई मावशी यांस,

हे पत्र झुंबरवहिनी तुम्हाला वाचून दाखवेल. तुमच्या पडवीत, मोठ्याने, कुणीही ऐकलं तरी चालेल.

तुमचा प्रश्न मला कळला. ती दोन बाळं ज्या आजाराने गेली तो विळ्यातून आणि राखेतून आला, हे खरं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण ज्यांना हे माहीत होतं त्यांच्यापैकी कुणी चाळीस वर्षांत तुमच्या दारी आलं नाही, हेही खरं आहे. त्यांच्यात मीसुद्धा आहे. मला ऑक्टोबरात कळलं होतं. कामशेतला उतरून तीन तास चाललं की बोरखळी येते. मी चालले नाही. मी पेटीत बोलले, आणि पेटी चावडीत होती. काका नसते तर तुम्हाला ते आजही कळलं नसतं आणि पोरगी गेली असती.

मी शनिवारी येते. तोंडावर बोल म्हणालात, म्हणून आधी मी तुमचं ऐकून घेईन. जे बोलायचं असेल ते बोला, कितीही वेळ. त्यानंतर मला तुमच्याकडून एक हवं आहे. पोट कसं चोळायचं, आडवं बाळ कसं फिरवायचं, किती वेळ थांबायचं, कधी हात लावायचा नाही, हे तुम्हाला येतं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यातलं पुष्कळ त्यांनाही येत नाही. आणि विळ्याचं, राखेचं तुम्हाला आता कळलं आहे ते तुम्हीच सांगायचं, तुमच्या बोलीत. मी लिहून घेईन. दुसऱ्या गावांतल्या सुईणी माझं ऐकणार नाहीत, सुईणीचं ऐकतील. ज्या गावांत पेटी चावडीत आहे तिथे ते लिहिलेलं मी पायी नेऊन देईन. अनंतरावांनी महिन्यातून दोन दिवसांची परवानगी दिली आहे.

बोरखळीची पेटी एकतीस मार्चला जाते आहे. ते मला थांबवता आलं नाही. त्यामुळे तुमचं बोलणं रेडिओवर लागेल तेव्हा तुम्हाला ते ऐकू येणार नाही. म्हणून ते आधी तुम्हालाच वाचून दाखवीन. जिथे मी चुकीचं लिहिलं असेल तिथे मला थांबवा. तुम्ही बरोबर म्हटल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही मुंबईला जाणार नाही.

लुगडं मी घेऊन येते. हिरवं आणते, दुसरा रंग हवा असेल तर झुंबरला सांगा.

वासंती येवले